चौकात शिल्प, भिंतीवर चित्र: महापालिकेची परवानगी नेमक्या कोणत्या क्रमाने घ्यायची

चौकात शिल्प बसवायचं एखादं मंडळ, सोसायटी किंवा कंपनी ठरवते, तेव्हा कामाचा क्रम बहुतेक वेळा असा असतो: आधी शिल्पकार गाठायचा, मग वर्गणी, मग नगरसेवकाचं पत्र, आणि शेवटी कधीतरी ती जागा कोणाच्या मालकीची आहे याची चौकशी. फाईल अडते ती इथेच. जागा कोणाची आणि दहा वर्षांनी ते शिल्प धुणार-पुसणार कोण, या दोन प्रश्नांची कागदावरची उत्तरं हातात आल्याशिवाय कलाकाराला आगाऊ रक्कम देऊ नका. पुढचे सगळे टप्पे या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

हे मार्गदर्शन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या शहरांसाठी आहे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नगरपरिषदांना १९६५ चा. तिथे कलमं आणि खात्यांची नावं बदलतात, क्रम मात्र साधारण हाच राहतो. खात्यांची नावं मी पुणे महापालिकेतली वापरली आहेत. तुमच्या शहरात पाटी वेगळी असेल.

टप्पा १: तुम्ही नेमकं काय उभारताय ते ठरवा

कायद्याच्या नजरेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे रस्ते पहिल्याच दिवशी वेगळे होतात.

अ) व्यक्तीचा पुतळा. अर्धपुतळाही यातच आला. यासाठी सामान्य प्रशासन विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलिसांचा कायदा-सुव्यवस्थेबाबतचा अभिप्राय लागतो. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्याच व्यक्तीचा पुतळा आसपास आधीपासून आहे का, हेही पाहिलं जातं.

यावर आणखी एक मोठा अडसर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या इतर जागांवर पुतळा बसवायला किंवा बांधकाम करायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. पथदिवे, वाहतूक, रस्त्यांचं सुशोभीकरण आणि सार्वजनिक सुविधा यांची कामं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे भर चौकातल्या वाहतूक बेटावर नवा पुतळा हा मार्ग जवळपास बंद समजा. संस्थेचं स्वतःचं आवार हा सर्वांत सरळ पर्याय. महापालिकेच्या आवाराचा विचार असेल तर विधी खात्याचं लेखी मत आधी घ्या, आराखडा नंतर काढा.

आ) व्यक्ती नसलेलं शिल्प किंवा मांडणी. हे ‘सुशोभीकरण’ या सदरात बसू शकतं. बसेलच असं नाही. वाहतुकीला अडथळा होत नाही हे दाखवण्याची जबाबदारी तुमची.

इ) भित्तिचित्र. यात बांधकाम नसल्याने परवानग्या कमी. पण सार्वजनिक ठिकाणच्या भिंतीवर मालकाच्या वा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय रंगवणं हा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली गुन्हा आहे. चित्र कितीही सुंदर असलं तरी.

> सावध: पुतळ्याला अर्जात ‘शिल्प’ किंवा ‘स्मृतिचिन्ह’ म्हणून फाईल पुढे सरकवायचा सल्ला कोणीतरी देईलच. कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावरून ती सुटेलही. विधी खात्यात किंवा पोलिसांकडे पकडली जाईल, आणि तोवर चबुतरा बांधून झालेला असेल.

टप्पा २: जागा कोणाची, हे कागदावर सिद्ध करा

‘ती भिंत कॉर्पोरेशनचीच आहे’ हे वाक्य पुरावा नव्हे. पुढचे कागद गोळा करा.

१. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक. शहराच्या कडेच्या भागात सातबारा.
२. विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला. जागेवर आरक्षण आहे का, रस्तारुंदी दाखवली आहे का, हे यातून कळतं.
३. पथ विभागाकडून रस्तारेषेची माहिती. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आखलेली रेषा (रस्त्याची ठरवलेली हद्द) तुमच्या भिंतीतून जात असेल, तर ती भिंत आज ना उद्या पडणार.

शहरातल्या अनेक ‘सरकारी’ भिंती महापालिकेच्या नसतातच. रुळांलगतची भिंत रेल्वेची, तिची परवानगी विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयातून. उड्डाणपूल रस्ते विकास महामंडळाचा असू शकतो, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा. लष्करी छावणीच्या हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्ड. रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) पेटी महावितरणची. सोसायटीची भिंत असेल तर अध्यक्षांची तोंडी संमती चालत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. नाहीतर नवी कार्यकारिणी आली की पहिला रंग त्या भिंतीवर चढतो.

आता वारशाचा प्रश्न. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे विनियमित क्षेत्र. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने हे पक्कं केलं. पुण्यात शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर लेण्यांच्या आसपास पाया खोदून काही उभं करायचं मनात असेल, तर अंतर आधी मोजा. महापालिकेच्या वारसा यादीतली वास्तू असेल तर हेरिटेज समितीचं मत लागतं, आणि ते नुसत्या रंगकामालाही लागू शकतं.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी तुमच्याकडे मालकाचं नाव दाखवणारा एक कागद आणि ‘रस्तारुंदीत जात नाही’ असं सांगणारा एक कागद हवा. दोन्ही नसतील तर इथेच थांबा.

टप्पा ३: अर्ज करण्याआधी जागेवर फेरी

हा टप्पा कुठल्याही नियमात नाही. तरी सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो यातच.

पथ, विद्युत, पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि उद्यान या विभागांचे कनिष्ठ अभियंते किंवा निरीक्षक यांना जागेवर बोलवा. एकत्र येणं कठीणच; आले नाहीत तर एकेकाला गाठा. जमिनीखाली काय आहे ते विचारा: जलवाहिनी, ड्रेनेज, वीजकेबल, गॅसची लाईन, इंटरनेटची केबल. नकाशावर जे दिसतं ते आणि खाली जे असतं ते यांत फरक असतो, म्हणून पायाच्या जागी परवानगी घेऊन छोटा चाचणी खड्डा घ्या. शिल्पाचा पाया जलवाहिनीवर आला, तर पुढच्या गळतीच्या वेळी शिल्प हलवलं जाईल. वाहिनी हलणार नाही.

वाहतूक शाखेचा अधिकारी तीन गोष्टी पाहतो. वळणाऱ्या वाहनचालकाला समोरचं दिसतं का, सिग्नल झाकला जातो का, आणि रात्रीची रोषणाई डोळ्यांवर येते का. चकचकीत पोलादाचं शिल्प संध्याकाळच्या उन्हात आरशासारखं वागतं, हे चित्रात कळत नाही. पदपथावर काही ठेवायचं असेल तर चालायला निर्वेध १.८ मीटर रुंदी उरली पाहिजे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मानकात हे किमान माप आहे. फेरीवाले, डीपी बॉक्स आणि झाडाचा कट्टा वजा करून मोजा. आपल्याकडच्या बहुतेक पदपथांवर हा हिशेब इथेच संपतो.

टप्पा ४: फाईल तयार करा

फाईलमध्ये याच क्रमाने कागद लावा:

१. एक पानी अर्ज. काय, कुठे, किती मोठं, पैसे कोणाचे, देखभाल कोणाची.
२. मालकीचे कागद (टप्पा २).
३. मापांसह नकाशा: जागेचा, समोरून आणि बाजूने. त्यात पदपथ, खांब, झाडं दाखवा.
४. संकल्पचित्र. दिवसाचं आणि रात्रीचं.
५. संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र, आकडेमोडीसह.
६. पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज.
७. देखभालीचं हमीपत्र.

यातल्या शेवटच्या तिघांवरच फायली परत येतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर.

स्थैर्य. ‘शिल्पकार अनुभवी आहेत’ हे प्रमाणपत्र होत नाही. वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ चा भाग ३ आणि भूकंपासाठी भारतीय मानक १८९३ यांनुसार आकडेमोड हवी. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर कुठल्याही महापालिकेचा अभियंता या पानाकडे दुर्लक्ष करणार नाही, आणि करूही नये. बाहेरचा पत्रा किंवा कांस्य चांगलं असूनही आतला साध्या लोखंडाचा सांगाडा गंजतो. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की गंज आणखी वेगाने चढतो. समुद्रकाठच्या गावांत स्टेनलेस स्टील ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचं मागा. आत पाणी साचू नये म्हणून खाली निचऱ्याची भोकं आणि सांगाडा तपासायला झाकण ठेवायला सांगा. हे नकाशातच असलं पाहिजे, नंतर कापून करता येत नाही.

आणखी एक. कला संचालनालयाची मान्यता नमुन्याला असते. संरचनेच्या मजबुतीची ती हमी नव्हे. नमुन्याची मान्यता दाखवून अभियंत्याचं प्रमाणपत्र टाळता येत नाही, आणि मान्य नमुन्याहून आकार किंवा चेहरा बदलला तर पुन्हा मान्यता घ्या.

पूर्वगणनपत्रक. पाया, चबुतरा, वीज यांचे दर दरसूचीत (सरकारी दरांच्या यादीत) मिळतात. शिल्पाचे मिळत नाहीत. मग लेखा विभाग विचारतो, हा आकडा आला कुठून? उत्तर म्हणून किमान तीन दरपत्रकं आणि दराचं पृथक्करण जोडा: धातू किती किलो, ओतकाम, सांगाडा, वाहतूक, क्रेन, कलाकाराचं मानधन. मानधन वेगळ्या ओळीत दाखवा. ते धातूच्या दरात लपवलं की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि कलाकाराचं बिल वर्षभर लटकतं.

देखभाल. ‘देखभाल महापालिका करेल’ असं लिहिलेल्या फायली मी बऱ्याच पाहिल्या आहेत. कोणता विभाग, कोणत्या लेखाशीर्षातून, वर्षातून किती वेळा, यातलं त्यांत काहीच नसतं. परिणाम शहरभर दिसतो: बंद पडलेली कारंजी, पोस्टरं चिकटवलेली म्यूरल्स, वेलीत हरवलेले हत्ती. हमीपत्रात निदान एवढं लिहा: दर पावसाळ्यानंतर तपासणी, वीजबिल कोणाच्या नावावर, तुटफूट झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती, आणि दुरुस्ती परवडेनाशी झाली तर काढून टाकायचा निर्णय कोण घेणार. शेवटचा मुद्दा लिहायला लोकांना अपशकुन वाटतो. तो लिहाच.

> सावध: प्रायोजक कंपनीचं बोधचिन्ह शिल्पावर किंवा भिंतीवर आलं की ते जाहिरात ठरू शकतं. अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली जाहिरातींवर महापालिकेचं नियंत्रण आहे आणि विषय आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे जातो. सौजन्याच्या पाटीचं माप अर्जातच मंजूर करून घ्या.

टप्पा ५: पैशाची वेळ साधा

खर्च महापालिकेच्या तिजोरीतून होणार असेल तर अंदाजपत्रकात तरतूद हवी. आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होतं आणि आयुक्तांचं अंदाजपत्रक त्याआधी काही आठवडे स्थायी समितीपुढे येतं, म्हणून मागणी दिवाळीच्या आसपास पोहोचली पाहिजे. फेब्रुवारीत जाग आली तर पुढच्या वर्षीची वाट बघायची, किंवा दुसऱ्या कामाचे पैसे वळवायचे, ज्याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. वर्गीकरणाने आलेला पैसा मार्चअखेर संपवायची घाई असते. ओतकामाला घाई मानवत नाही.

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. भित्तिचित्रासारख्या छोट्या कामाला ती चांगली. अर्जाची मुदत पावसाळ्याच्या शेवटाकडे असते. क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या.

ठरावीक कलाकाराकडूनच काम करून घ्यायचं असेल तर निविदेचा प्रश्न येतो. निविदेविना थेट काम देण्याची तरतूद अधिनियमाला जोडलेल्या नियमांत आहे. महापालिकेत तिला ‘पाच-दोन-दोन’ म्हणतात. ती अपवादासाठी आहे, त्यामुळे याच कलाकाराकडून का, याचं लेखी कारण भक्कम हवं. खुली स्पर्धा घेऊन परीक्षकांच्या टिप्पणीसह निवड केली तर ते कारण आपोआप तयार होतं. मला हा मार्ग जास्त पटतो. कंपनीने स्वखर्चाने करून द्यायचं असेल तर निविदा टळते, करारनामा टळत नाही.

टप्पा ६: ठराव

खात्यांचे अभिप्राय आले की विभाग विषयपत्र, म्हणजे सभेपुढे ठेवायचा प्रस्ताव, तयार करतो. ते प्रभाग समिती, शहर सुधारणा समिती, स्थायी समिती, सर्वसाधारण सभा यांपैकी कुठे कुठे जाईल हे विषयावर आणि रकमेवर ठरतं. निवडून आलेली सभा नसेल आणि प्रशासक असेल, तर या सभांचे अधिकार त्याच्याकडे असतात, पण विषयपत्र आणि ठराव क्रमांक तरीही असतो. तो मागून घ्या.

विषय तहकूब झाला म्हणजे नामंजूर झाला असं नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो आहे का ते बघत राहा, आणि नगरसचिव कार्यालयातून ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. सभेत मंजूर झालं आणि उपसूचना देऊन जागाच बदलली, असंही घडतं. मग टप्पा २ पुन्हा.

सगळ्यात महाग पडणारी चूक: ठराव म्हणजे परवानगी समजून काम सुरू करणं. ठरावानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, करारनामा आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) एवढं बाकी असतं. बेकायदा ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडितही (रद्दही) करू शकतं. हातात कार्यादेश आल्याशिवाय कुदळ मारू नका.

आचारसंहितेचाही अंदाज घ्या. ती लागली की नवे कार्यादेश, भूमिपूजन, अनावरण सगळं थांबतं.

टप्पा ७: कलाकाराशी करार

शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. त्यांनी खटला भरला. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७: हक्क विकले तरी आपल्या कृतीची विटंबना झाली तर दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो.

म्हणून करारात या गोष्टी स्पष्ट लिहा. कलाकाराचं नाव कुठे आणि किती मोठं येणार. प्रतिमा पोस्टकार्डावर, दिनदर्शिकेवर वापरायचा हक्क कोणाचा. दुरुस्ती आधी त्याच कलाकाराला विचारून होणार का. रस्तारुंदी किंवा मेट्रोसाठी हलवायची वेळ आली तर किती दिवस आधी कळवणार आणि खर्च कोणाचा. पैसे टप्प्याटप्प्याने: नमुना मान्य झाल्यावर, ओतकाम झाल्यावर, जागेवर बसल्यावर. काही रक्कम एक पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवा.

टप्पा ८: प्रत्यक्ष काम

भित्तिचित्रासाठी पावसाळा संपल्यावर भिंत सुकू द्या. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ. आधी भिंतीत पाणी कुठून येतं ते शोधा. लोणा धरलेल्या भिंतीवर कितीही महागडा रंग लावा, पुढच्या आषाढात पापुद्रे सुटणार. जुना सुटा रंग तारेच्या ब्रशने काढा, भेगा भरा. नवं सिमेंट प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा, मगच बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि ॲक्रिलिक रंग. डोंगरकडेच्या धरभिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं चित्रासाठी बुजवू नका. ती बुजली की मागचा दाब वाढतो आणि भिंतच धोक्यात येते. जुन्या वाड्याच्या चुन्या-मातीच्या भिंतीवर ॲक्रिलिक रंग नकोच, आतला ओलावा कोंडतो. चित्र झाडावर ‘चालू ठेवायचा’ मोहही आवरा.

शिल्प बसवताना वाहतूक शाखेकडून क्रेनसाठी रात्रीची वेळ लेखी घ्या. पाया भरण्याआधी सळयांचे, बोल्टचे फोटो तारखेसह काढा. नंतर वाद झाला तर तेवढाच पुरावा उरतो.

काम संपल्यावर संयुक्त पाहणी, पूर्णत्वाचा दाखला आणि हस्तांतरणाचं पत्र. अनावरणाची तारीख याच्यानंतरची धरा. पाहुण्यांच्या तारखेसाठी सिमेंटचे दिवस कमी केल्याची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते.

फाईल अडली तर

प्रत्येक अर्जाची पोहोच आणि आवक क्रमांक जपून ठेवा. चौकशी नावाने नको, क्रमांकाने करा. उत्तर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका: १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘विलंब का?’ असं विचारू नका. त्याऐवजी ‘अमुक आवक क्रमांकाच्या फाईलवरील टिप्पणी आणि अभिप्रायांच्या प्रती द्या’ असं मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो.

आणि तुमचा विरोध असेल तर

मैदान किंवा उद्यानाचं आरक्षण बदलून तिथे स्मारक येणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींना मुदत मिळते, जास्तीत जास्त एक महिना. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, बहुधा आतल्या पानावर बारीक टायपात. हरकत लेखी द्या, प्रत्येकाने वेगळी, आणि सुनावणीची संधी मागा. ‘आम्हाला हे नको’ यापेक्षा ‘या आरक्षणामुळे प्रभागातलं एवढं खुलं क्षेत्र जातं, पर्यायी जागा अमुक सर्व्हे नंबरमध्ये आहे’ हे सुनावणीत टिकतं. आरक्षण बदलत नसेल आणि फक्त शिल्पच येत असेल, तर अशी सूचना निघत नाही. मग विषयपत्र समितीपुढे जाण्याआधी नगरसेवकाला, आयुक्तांना आणि नगरसचिवाला निवेदन देऊन पोहोच घेणं, एवढाच वेळेवरचा उपाय.